सांधा धरत नाही

१

टाइलांच्या सांध्यांत भरायचं ग्राउट कालवायला बसली की सांधेवाली कुणाशी बोलत नसे. घमेल्यात आधी पाणी, मग त्यावर पूड, मग थापीने सावकाश, एकाच दिशेने. जरा विसावू द्यायचं आणि पुन्हा एकदा ढवळायचं. घाईने घुसळलं की आत हवा कोंडते आणि वाळताना टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडून बाहेर पडते. पाणी जास्त झालं तर सांधा भुसभुशीत होतो, नखाने खरवडला तरी हातात येतो. पाठीमागून ओल येत असली की पांढरा खार फुटतो. आणि भिंतच हलत असली, तर ब्रह्मदेवाने भरला तरी सांधा तडकणारच.

टाइल लावायचा तिचा नवरा, मिस्त्री. सांधे भरायची ती. लोक म्हणायचे, या नवरा-बायकोच्या मध्ये सुई घालायला जागा नाही. त्यावर मिस्त्री म्हणायचा, "जागा होती हो, हिने बुजवली." माणूस अंगाने आडवातिडवा, पण मनाने लोणी. खोलीत माशी शिरली तर तिच्यासाठी खिडकी उघडून उभा राहणारा.

काम घेऊन आला तो बॉक्सिंगचा कोच. टायरच्या गोदामामागे त्याचा हॉल होता. त्याचं नाक एका बाजूला वळलेलं, आणि आवाज इतका हळू, की ऐकायला पुढे वाकावं लागे.

"ताई, शॉवरच्या खोलीतले सांधे टिकत नाहीत. दोघांनी करून बघितलं. एकाने तर अर्ध्यातच सोडलं."

"का सोडलं?"

"फोन उचलत नाही."

खोली लांब आणि अरुंद होती. वर झरोका, ओळीने शॉवर, छतापर्यंत पांढऱ्या टाइल. तीन भिंती ठणठणीत. मागच्या भिंतीला मात्र सगळी दुखणी एकदम जडलेली. भोकंही, खारही, भुगाही, भेगाही. एवढं सगळं एकाच भिंतीला झालेलं सांधेवालीने कधी पाहिलं नव्हतं. पण पलीकडून धप्प धप्प आवाज आला आणि तिला हसू फुटलं. पलीकडे हॉल होता, आणि ठोसे मारायच्या जड पिशव्या याच भिंतीत ठोकलेल्या लोखंडी दांड्यांना टांगल्या होत्या.

"अहो कोच, भिंत दिवसभर मार खाते, मग सांधा काय डोंबल धरणार?"

"मार पिशवी खाते."

"आणि पिशवीला कोण धरून आहे?"

कोचने कपाळाला हात लावला. त्याच दिवशी त्याने पिशव्या उतरवल्या, दांड्या कापून काढल्या आणि काम होईपर्यंत हॉल बंद ठेवला. दोघांनी जुने सांधे खरवडले, ब्रशने झाडले, नवे भरले, स्पंजने पुसले. भिंत अशी झाली की बघत राहावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं जसंच्या तसं होतं, फक्त एका टाइलभोवतीचा सांधा चारही बाजूंनी निघाला होता. टाइल माणसाच्या तोंडाच्या उंचीवर होती. मिस्त्रीने हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं. आवाज भरीव. मागे पोकळी नाही.

"एवढीच कशी सुटली?" तो म्हणाला.

सांधेवाली झाडू घेऊन वाकली आणि तशीच राहिली. सांध्यातून सुटलेला तुकडा भिंतीच्या पायाशी पडतो. हे तुकडे समोरच्या भिंतीपाशी, दाराजवळ पडले होते. ते गळलेले नव्हते, उडालेले होते.

कुणीतरी रात्री सांधा खरवडला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि केर भरून टाकला.

२

तो सांधा तिने पुन्हा भरला. दुपारी स्पंज पिळत असताना दणका बसला. एकच. बादलीतल्या पाण्यावर वर्तुळ उमटलं.

ती हॉलमध्ये गेली. पिशव्या जमिनीवर पडून होत्या. कोच दाराशी बसून हातमोज्याची नाडी ओवत होता.

"तुम्ही काही आपटलंत का?"

"मला वाटलं तुम्हीच आपटलंत."

मग नळवाल्याला बोलावलं. नळवाला बोलघेवडा. पाइपात हवा अडकली की पाणी कसं दणके देतं, हे त्याने हातवारे करून सांगितलं. त्याच्या ओळखीच्या एका म्हातारीने तो आवाज ऐकून घरात चोर शिरला म्हणून शेजाऱ्यालाच कसं बदडलं, तेही सांगून झालं. मिस्त्री पोट धरून हसला. सांधेवालीला हायसं वाटलं. हे कारण तिच्या डोक्यात कसं आलं नाही, म्हणून तिने स्वतःलाच वेड्यात काढलं.

नळवाल्याने मोठा कॉक बंद केला, सगळ्या तोट्या उघडून पाणी काढून टाकलं. "आता बघा, चिडीचूप," म्हणाला, आणि सुटलेल्या टाइलला कान लावून उभा राहिला. मिस्त्री त्याच्यामागे रबरी हातोडा घेऊन आजूबाजूच्या टाइल ठोकून बघत होता.

"थांब रे मिस्त्री. ठोकू नकोस. काहीतरी ऐकू येतंय."

"पाणी?"

"नाही." नळवाल्याच्या तोंडावर अजून हसू होतं. "दमल्यावर माणूस कसा..."

सांधेवाली त्या वेळी खाली वाकून स्पंज उचलत होती. तिने फक्त आवाज ऐकला. भरल्या पोत्यावर दांडकं बसावं तसा. वर पाहिलं तर नळवाला गुडघ्यांवर पडला होता, हात कानावर, आणि बोटांच्या फटीतून रक्ताची बारीक धार कॉलरमध्ये उतरत होती. त्याने वळून पाहिलं. मागे मिस्त्री उभा, हातात हातोडा.

"मागून मारतोस? भेकडा!"

मिस्त्रीला बोलायलाही फुरसत मिळाली नाही. नळवाल्याने हत्यारांच्या पिशवीतून पाना उपसला आणि त्याच्या गळ्याच्या हाडावर घातला. मग पुन्हा. मिस्त्री भिंतीवर आदळला. सांधेवाली मध्ये पडली, तिच्या हातावरही एक बसला. कोच धावत आला, त्याने नळवाल्याला मागून कवेत धरून बाहेर ओढत नेलं. बाहेरूनही त्याच्या शिव्या ऐकू येत होत्या. मग त्याला ओकारी आली, तीही ऐकू आली.

"मी हातोडा उगारलासुद्धा नाही," मिस्त्री म्हणाला. त्याचा श्वास शिट्टीसारखा येत होता.

"मला ठाऊक आहे," ती लगेच म्हणाली.

पण हातोडा तिने उचलून पाहिला. स्वच्छ होता. रबरावरचं रक्त पुसलं तर निघतं, असा विचार तिच्या मनात आला आणि तिला स्वतःची लाज वाटली.

टाइलभोवतीचा सांधा पुन्हा गेला होता. नळवाल्याचं डोकं जिथे टेकलं होतं तिथल्या नव्या सांध्यांत भोकं पडली होती. एका भोकावर तिने बोट ठेवलं. आतून ऊबदार हवा येत होती. सिमेंट वाळताना तापतं, हे तिला पक्कं माहीत होतं. पण हवा येऊन थांबत होती, मग बोटाचं कातडं हळूच आत ओढलं जात होतं, आणि पुन्हा हवा येत होती.

तिने बोट काढून घेतलं.

३

"सोडून देऊ या गं," मिस्त्री म्हणाला. "काही कामं आपल्यासाठी नसतात."

तिने ऐकलं नाही. सांधा अर्धवट टाकून ती आजवर उठली नव्हती, आणि एका भिंतीने आपल्याला पळवून लावलं हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. भिंत हलत असेल तर हलो. तिने लवचीक ग्राउट आणलं, रबर मिसळलेलं, जे तडकत नाही, ताणलं जातं.

भिंतीचे सांधे भरून झाले. ती जमिनीचे भरायला बसली, भिंतीकडे पाठ करून. मिस्त्री दाराशी दुसरं घमेलं कालवत होता. गळ्याचं हाड दुखत असल्याने एका हाताने, धसमुसळेपणाने.

"किती वेळा सांगू? घुसळू नका!"

"मग तूच कालव!"

तो ओरडला होता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. त्या आवाजाने तिचे कान तापले. ती मान खाली घालून थापी ओढायला लागली, आणि पाठीमागून खांद्यावर असा तडाखा बसला की ती तोंडावर आपटली. ओठ फुटला. दाताचा तुकडा जिभेवर आला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ते गेले तेव्हा मिस्त्री तिच्यावर वाकलेला होता, उजवा हात पुढे.

"अगं, काय झालं? कशी पडलीस?"

तो दाराशी होता. दारापासून इथवर किती पावलं? तो तडाख्यानंतर आला, की आधीच आला होता? तिला सांगता येईना. तिने त्याचा हात न धरता भिंतीला हात लावला आणि चटकन काढून घेतला, आणि कशाच्याच आधाराशिवाय उठली.

घरी तिची नणंद होती, मिस्त्रीची थोरली बहीण. दवाखान्यात पट्ट्या बांधण्यात तिची हयात गेली होती. ओठ धुता धुता तिने सांधेवालीच्या ब्लाउजचा गळा जरा बाजूला सारला आणि खांदा पाहिला. चार गोल काळेनिळे डाग, एका ओळीत.

नणंदेने कापूस खाली ठेवला. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. भाऊ आत पाणी पीत होता.

"बायकोवर हात टाकलास?"

"मी?"

"भिंतीला विचारत नाहीये मी."

मिस्त्रीने पेला ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. तिने बोलावं म्हणून तो थांबला. तिला बोलायचंही होतं. पण त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे तो पुढे आलेला उजवा हात होता, आणि तो उचलायला आला होता की मारून परत चालला होता, हे ती अजून ठरवत होती.

"वन्सं," ती शेवटी म्हणाली, "मी पडले."

"हो," नणंद म्हणाली. "मी पट्ट्या बांधते त्या सगळ्या पडलेल्याच असतात."

मिस्त्रीच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. त्या रात्री तो बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपला.

४

सकाळी ती उठली तेव्हा तो घरात नव्हता. कोपऱ्यातला घणही नव्हता.

ती तशीच धावत हॉलवर गेली. कोच शॉवरच्या खोलीच्या दाराबाहेर उभा होता, दोन्ही तळवे दाराला लावून.

"आतून कडी लावलीय त्याने. मी आलो तेव्हापासून चाललंय."

आत घण टाइलवर खणखणत होता. फुटलेले तुकडे जमिनीवर सांडत होते. खण्ण, आणि मग थोडी उसंत. त्या उसंतीत दुसरा आवाज यायचा. बद्द, जड, मांसल. पुन्हा खण्ण. पुन्हा तो आवाज. जणू आत दोघे जण एकमेकांची पाळी सांभाळून काम करत होते.

"अहो!" ती दारावर हात आपटू लागली. "अहो, दार उघडा!"

घणाच्या प्रत्येक घावाबरोबर मिस्त्री काहीतरी म्हणत होता. तिने श्वास रोखून ऐकलं.

"मी नाही." खण्ण. "मी नाही." खण्ण.

मग घण थांबला. आणि उसंत न घेता तो दुसराच आवाज येऊ लागला, एकामागून एक, भराभरा, आणि त्यांच्यामधून माणसाच्या तोंडून हवा निसटावी तसं हं, हं, हं.

"फोडा!" ती किंचाळली. "दार फोडा!"

तिसऱ्या धडकेला कडी तुटली. मिस्त्री खोलीच्या मधोमध उभा होता. उभा कसा होता, कुणास ठाऊक. एक डोळा मिटून गेलेला, जबडा एका बाजूला लोंबत होता, छातीवर रक्ताचा ओघळ. त्याला दारात एक आकृती दिसली, आणि त्याने घण उचलला आणि फिरवला.

कोच खाली झुकला. घण त्याच्या डोक्यावरून जाऊन चौकटीत रुतला. आणि वर येता येता कोचचा हात सुटला. आखूड, सरळ, फारसा जोरही न लावलेला. मिस्त्री जागच्या जागी कोसळला.

कोच स्वतःच्या मुठीकडे बघत राहिला. "ताई, मला नव्हतं मारायचं. हात आपोआप गेला. देवाशपथ, आपोआप गेला."

ती नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. कुणीतरी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, तो तिनेच केला असावा. वाट बघताना नजर जायची तिथेच गेली. बऱ्याच टाइल फुटून खाली आल्या होत्या. मागे विटा होत्या, आणि विटांवर प्लास्टर. अखंड, कोरडं, ओळंब्यात सरळ. कुठे ओल नाही, पोकळी नाही, भेग नाही. इतकी निर्दोष भिंत तिने क्वचितच पाहिली होती.

पायाशी एक टाइल सबंध पडली होती, पालथी. तीच, तोंडाच्या उंचीवरची. पाठीवर सिमेंटच्या मसाल्याचा जाड थर, दगडासारखा कडक. त्या थरात मुठीचा ठसा होता. चार बोटांची चार हाडं, आणि अंगठ्याची कड. मसाला ओला असतानाच असा ठसा उमटतो. आणि उमटायचा तर मागून, जिथे वीट होती.

कोचने टाइल उचलली आणि आपली मूठ त्या ठशात ठेवून पाहिली. त्याचा पंजा काही लहान नव्हता. पण ठसा मोठा होता, चहूबाजूंनी जागा उरली.

"ठेवा ती खाली," सांधेवाली म्हणाली.

त्याने ठेवली नाही. तो भिंतीकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. त्याच्या खांद्यांची ठेवण बदलली होती. डावा जरा पुढे आला होता.

५

जबडा जागोजाग मोडला होता, आणि फासळ्याही. एका ठोशाने एवढं होत नाही, असं डॉक्टरांनी पोलिसांना सांगितलं. कोचने सांगितलं की ठोसा एकच, आणि तो आपलाच. नणंदेने सांगितलं की माझा भाऊ बायकोला मारतो, त्या कोचने तिला वाचवलं असेल, त्याला त्रास देऊ नका. सांधेवालीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी बाहेर होते." ते खरंच होतं.

पण ती टाइल होती. टाइल पोलिसांना दाखवली नाही तरी नणंदेला दाखवता आली असती. हे बघा वन्सं, ही मूठ तुमच्या भावाची आहे का? नवऱ्याला जरा बरं वाटू लागल्यावर, भर दुपारी, रस्त्यावर वर्दळ असताना ती टाइल आणायला गेली.

हॉलचं दार उघडंच होतं. आत घामाचा वास, आणि आवाज. तो आवाज आता तिने शंभरात ओळखला असता. पावलं मागे घ्यावीत असं वाटलं, तरी ती पुढे गेली.

शॉवरच्या खोलीत कोच होता. कमरेच्या वर उघडा, मुठींना पट्ट्या गुंडाळलेल्या, पट्ट्या लाल. भिंतीवर त्याने टाइल पुन्हा बसवल्या होत्या, स्वतःच, वेड्यावाकड्या, काही फुटक्या. ती सबंध टाइलही तिच्या जागी होती. सांधे भरलेच नव्हते. टाइलांमध्ये बोटभर रुंद काळ्या फटी तशाच होत्या.

"कोच, हे काय केलंत?"

त्याने वळून पाहिलं. भुवई फाटलेली, समोरचे दात गेलेले, आणि तोंडभर हसू. त्याचा आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"सांधे भरायचे नाहीत, ताई. भरले की त्याला दिसत नाही, मग तो चिडतो. चूक तीच होत होती."

"कोच, बाहेर चला. मी तुमच्या पाया पडते."

"आयुष्यभर असा गडी शोधला मी. थकत नाही. मागे हटत नाही."

तो वळला आणि त्याने मारलं. डावा, डावा, उजवा. टाइल चरचरल्या, पट्ट्यांमधून रक्ताचे शिंतोडे उडाले. मग त्याने दोन्ही हात खाली सोडले, हनुवटी वर केली आणि पावलं जमिनीवर घट्ट रोवली.

"बाजूला व्हा," तो म्हणाला. "आता त्याची पाळी."

तिला पाहायचं नव्हतं. पण डोळे भिंतीवरच होते. खालच्या फटींतला काळोख सरकला. एकीतून दुसरीत गेला, मग वरच्या फटीत, जसं पलीकडे कुणी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यावा. जिथे विटा होत्या, प्लास्टर होतं, तिथे उभ्या फटीत काहीतरी चकाकलं. ओलं कातडं होतं ते. घामेजलेला, उघडा खांदा, वळत चाललेला. ठोशामागे सगळं अंग घालायला माणूस वळतो तसा वळत, वळत, आणि वळणं संपेचना. तेवढा मोठा खांदा माणसाला नसतो.

मग टाइल फुटल्या.

कोच जमिनीवरून उचलला गेला. समोरच्या भिंतीवर त्याचं डोकं आपटलं, त्या आवाजानंतर दुसरा आवाज झाला नाही. तुकडे तिच्या गालाला, हातांना लागून गेले. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. भिंतीत विटा होत्या. कोरड्या, ओळंब्यात. ज्या टाइलसाठी ती आली होती तिचा भुगा कोचच्या केसांत पडला होता.

ओल्या फरशीवर पाय घसरला, असं तिने सांगितलं. फरशी कोरडी ठणठणीत होती. पण शॉवरच्या खोलीत माणूस घसरून पडतो, हे सगळ्यांना पटतं. कुणी दुसरं काही विचारलं नाही. हॉलला कुलूप लागलं.

६

मिस्त्रीचा जबडा तारांनी बांधून ठेवला होता. त्याला बोलता येत नव्हतं. नणंद उशाशी बसून चमच्याने पातळ काहीतरी भरवत होती. सांधेवाली आली तशी ती उठून खिडकीपाशी गेली, पण खोलीबाहेर गेली नाही.

सांधेवाली खुर्ची ओढून जवळ बसली. कोच गेल्याचं त्याच्या कानावर आलं होतं, हे त्याच्या उघड्या डोळ्यातच दिसत होतं.

"मी पाहिलं," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही नव्हतात."

तो बघत राहिला.

"तेव्हाच म्हणायला हवं होतं मी. वन्सं विचारत होत्या तेव्हाच. तुम्ही नव्हतात हो. तुम्ही कधीच नव्हतात."

त्याचा डोळा भरून आला आणि पाणी कानाकडे ओघळलं. घशातून काहीतरी आवाज निघाला. तिने त्याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला नाही, लावायची गरजही नव्हती. खूप दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला. आता सगळं सांगता येईल, तिला वाटलं. जरा बरा होऊ दे, मग खांदा, फटी, सगळं. त्याला पटेल. त्या भिंतीचा मार त्याने खाल्ला होता, त्याला नाही पटणार तर कुणाला?

वाऱ्याने तिच्या कपाळावर केसांची बट आली होती. ती मागे सारायला मिस्त्रीने उजवा हात उचलला.

सांधेवाली खाली झुकली. कोपर तोंडापुढे आडवं, डोळे गच्च मिटलेले, मान खांद्यांत. खुर्ची मागे कलंडली आणि मोठ्ठा आवाज झाला. शेजारच्या खाटांवरच्या माणसांनी माना वळवल्या.

तिने डोळे उघडले तेव्हा ती भिंतीला चिकटून उकिडवी बसली होती. खिडकीपाशी नणंद उभी होती. ती तिच्याकडे बघत नव्हती, भावाकडे बघत होती.

मिस्त्रीचा हात अजून हवेतच होता. त्याने त्या हाताकडे पाहिलं. मग तो हळूच खाली घेतला, पांघरुणाखाली घातला, आणि दुसऱ्या हाताने मनगटाशी घट्ट धरून ठेवला.